हॅवलॉक की नील? आधी कालनिर्णय उघडा

अंदमानचं तिकीट काढलं की घरात पहिला वाद हाच होतो. पोर्ट ब्लेअर तर होणारच, सेल्युलर जेल न बघता मराठी माणूस परत येत नाही. पण समुद्रकिनाऱ्यावर निवांत राहायचं ते हॅवलॉकला की नीलला? दोन्ही बेटांचे फोटो सारखेच दिसतात: पांढरी वाळू, हिरवट निळं पाणी, पाण्यावर ओणवलेलं एखादं झाड. फोटोवरून ठरवायला गेलात तर नाणं उडवल्यासारखंच होईल. फरक पडतो तो पाण्याच्या खोलीचा, किनाऱ्याच्या दिशेचा आणि तुम्ही जाणार त्या दिवशीच्या तिथीचा.

आधी नावांचा घोळ. डिसेंबर 2018 मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरला 2024 पासून श्री विजयपुरम म्हणतात. बोटीच्या तिकिटावर नवी नावं असू शकतात, रिक्षावाला जुनीच वापरतो, तेव्हा दोन्ही लक्षात ठेवा. जुनी नावं गेल्याचं दुःख करायचं कारण नाही. हॅवलॉक आणि नील हे दोघेही 1857 चे इंग्रज सेनाधिकारी. कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला तोच हा हॅवलॉक. तरी लेखात मी जुनीच नावं ठेवतो, शोधताना सगळे तीच टाइप करतात.

हॅवलॉक मोठं आहे. जेट्टी उत्तरेच्या टोकाला आणि प्रसिद्ध राधानगर बीच बेटाच्या पश्चिमेला, म्हणजे रस्त्याने अकरा-बारा किलोमीटर. कालापथर बीच पूर्वेच्या बाजूला, तोही जवळपास तितकाच लांब. स्कूटर किंवा रिक्षाशिवाय इथे पान हलत नाही. नील इतकं छोटं की जेट्टीपासून दुसऱ्या टोकाचं सीतापूर पाचेक किलोमीटरवर आहे आणि भाड्याच्या सायकलवर सगळं बेट होतं. दोन्हीकडे वस्ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची. भातशेती, सुपारी, नारळ आणि जेवायला डाळ, भात, मासळीचा झोल म्हणजे पातळ रस्सा. नीलची भाजी तर पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. गावांची नावंही मजेदार आहेत: नीलवर भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. हॅवलॉकवर राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर. एका बेटावर रामायण, दुसऱ्यावर कृष्णलीला.

आता मुद्द्याचं, पाणी.

राधानगरचा तळ वाळूचा आहे, उतार हळूहळू वाढतो, पायाखाली खडक येत नाहीत. त्यामुळे भरती असो की ओहोटी, पोहता येतं. पोहण्यासाठी जायचं असेल तर या दोन बेटांत राधानगरला तोड नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने जानेवारी ते एप्रिल पाणी शांत असतं. जून ते सप्टेंबर मात्र नैऋत्य मोसमी वारा थेट अंगावर येतो आणि लाटा ओढून नेतात, तेव्हा लाल बावटा दिसला की मुकाट्याने वाळूवर बसावं. आणखी एक गोष्ट: किनाऱ्याच्या एका टोकाला दिसणारं शांत, डबक्यासारखं पाणी मोह घालतं. तिकडे जाऊ नये. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि राधानगरजवळच 2010 मध्ये स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात बळी गेला होता. जीवरक्षक दाखवतील त्याच पट्ट्यात उतरा आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. अंधार लवकर पडतो, डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडालेला असतो. मुंबईच्या सवयीने साडेपाचला सूर्यास्त बघायला निघालेले लोक वाटेतच परतणाऱ्या गाड्यांना भेटतात.

हॅवलॉकची पूर्वेची बाजू, म्हणजे गोविंदनगर आणि विजयनगर, जिथे बहुतेक रिसॉर्ट आहेत, तिथली गोष्ट वेगळी. ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि उघडी पडते ती चिखलमिश्रित वाळू, खडक, मेलेलं प्रवाळ. ‘समोरच समुद्र’ म्हणून जास्त पैसे मोजलेली खोली अर्धा दिवस अशा मैदानाकडे तोंड करून असते. खोली घ्या, पण पोहायला राधानगरलाच जायचं हे धरून चाला.

नीलवर तर सगळा कारभारच भरती-ओहोटीच्या हातात. जेट्टीला लागूनच असलेला भरतपूर बीच भरतीला तलावासारखा असतो: कमरेएवढं, स्वच्छ, उबदार पाणी, लहान मुलांना आणि पोहता न येणाऱ्यांना अगदी सोयीचं. तोच किनारा ओहोटीला बघितला तर गुडघ्याएवढ्या पाण्यात टोकदार प्रवाळ आणि खडक. काचेच्या तळाची बोटसुद्धा पाणी फार उतरलं की थांबते. याउलट लक्ष्मणपूर दोन नावाच्या किनाऱ्यावरचा (लक्ष्मणपूरला एक आणि दोन असे दोन किनारे आहेत) तो दगडी कमानीचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच गाठता येतो. भरतीला तिथे जायची वाटच पाण्याखाली असते. एका बेटाची दोन मुख्य आकर्षणं आणि दोघांच्या वेळा एकमेकांच्या विरुद्ध.

कोकणातल्या लोकांना हे सोडवणं सोपं जातं. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. अंदमानात हाच हिशेब करून त्यातून दोन-सव्वादोन तास वजा करायचे. पूर्ण ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि तितकीच नंतर. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होईल, म्हणून नक्की वेळ पोर्ट ब्लेअरच्या भरतीच्या तक्त्यात बघून घ्या, पण सुट्टीच्या तारखा ठरवायला एवढा ढोबळ हिशेब पुरतो.

हा हिशेब नीलला लावून बघा. तृतीया-चतुर्थीला भरती दुपारी बारा ते पाऊणच्या सुमाराला, ओहोटी सकाळी सहा-साडेसहाला. म्हणजे उजाडताच नैसर्गिक पूल, मग नाश्ता, आणि अकरापासून भरतपूरला डुंबणं. याहून चांगला दिवस नीलवर मिळत नाही. अमावास्या-पौर्णिमेला सकाळी नऊला भरती, दुपारी तीनच्या सुमाराला ओहोटी: आधी भरतपूर, तीनला पूल, आणि तिथून लक्ष्मणपूर एकवर सूर्यास्त. हेही जमतं आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप खाली जातं, खडकांतली डबकी पूर्ण उघडी पडतात. त्या डबक्यांत समुद्रकाकडी, शिंपले, छोटे रंगीत मासे, एखादा खेकडा दिसतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी: ना धड भरतं ना धड सुकतं. पूल दिसेल, डबकी मात्र अर्धवट.

आणि वाईट दिवस? दशमी ते त्रयोदशी. ओहोटी सकाळी अकरा ते दुपारी पावणेदोन यांच्या मध्ये कुठेतरी. पॅकेजमध्ये नील बहुधा असंच बघायला लावतात: सकाळी दहाला उतरायचं, दुपारी तीनची बोट. म्हणजे नेमकं पाणी नसताना भरतपूर बघायचं आणि घरी येऊन सांगायचं, “नीलमध्ये काही नाही हो.” दोष बेटाचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. नीलला एक रात्र तरी राहा. तेवढी सवड नसेल तर यादीतून खोडून टाका आणि तो दिवस राधानगरला द्या.

पुलाकडे जाताना चपला चालत नाहीत. खडकावर शेवाळ असतं आणि मेलेल्या प्रवाळाच्या कडा ब्लेडसारख्या. टाचेला पट्टा असलेले, जाड तळव्याचे सँडल घाला. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना शेवटचा खडकाळ भाग करायला लावू नये. वाळूवरून कमान दिसते तेवढी पुरे.

स्कूबा करायचं असेल तर मात्र फार विचार करू नका, हॅवलॉक. नीलवरही डाइव्ह सेंटर आहेत आणि तिथे पाण्याखाली गर्दी कमी, पण हॅवलॉकवर पर्याय जास्त, प्रशिक्षकही जास्त. नवख्यांचा पहिला डाइव्ह बारा मीटरच्या आत असतो, पोहता येणं गरजेचं नसतं, प्रशिक्षक शेवटपर्यंत धरून असतो. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक कान. खाली जाताना दर मीटर-दीड मीटरला नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दुखायची वाट बघायची नाही. दुखायला लागलं म्हणजे उशीर झालेला असतो, मग थोडं वर येऊन पुन्हा करावं लागतं. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह रद्द. गोळी घेऊन नाक मोकळं केलं आणि पाण्याखाली तिचा असर उतरला तर वर येताना त्रास होतो. दुसरं म्हणजे मास्क. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपतं, कारण रबराची कड केसांवर नीट बसत नाही. मिशीवर थोडं व्हॅसलिन लावलं की बरंच थांबतं. फोटोसाठी हसलात तरी गालाची घडी पडून पाणी आत येतं. दमा, रक्तदाब, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुण्या-मुंबईहूनच घेऊन जा. आणि डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही, त्यामुळे स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवावं.

वरवरचं स्नॉर्कलिंग एलिफंट बीचवर चांगलं होतं. हॅवलॉकच्या जेट्टीवरून बोटीने वीस-पंचवीस मिनिटं. सकाळी पहिल्या बोटींनी जा, अकरानंतर जेट स्की आणि आरडाओरडा यांत मासे कमी आणि माणसं जास्त दिसतात. प्रवाळ रंगीबेरंगी असेल ही अपेक्षा मात्र थोडी कमी ठेवा. 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापून अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं, उथळ पाण्यातल्याला जास्त फटका बसला. मासे मात्र भरपूर आहेत.

बोटींबद्दल. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी वेगवान बोटीने दीड तासाच्या आसपास, सरकारी बोटीने अडीच. हॅवलॉक ते नील पाऊण ते एक तास. खासगी बोटींपैकी काही पूर्ण बंद, वातानुकूलित असतात. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या-मागच्या रांगेतली जागा घ्यावी आणि गोळी अर्धा-एक तास आधी. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते. ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स नको. क्रम असा लावा: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, परत पोर्ट ब्लेअर, आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. नीलहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडण्याची आखणी करू नये. हवा बिघडली की बोटी बंद होतात. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवेमुळे या दोन बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना काढायला नौदलाची जहाजं आणावी लागली.

पैसे आणि फोन: हॅवलॉकवर एटीएम आहेत, नीलवर एखाद्या मशीनवर विसंबू नका, रोख नेलेली बरी. चेन्नईहून समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली. ती ज्या बेटांना जोडली त्यांत हॅवलॉक होतं, नील नव्हतं. सुट्टीत लॅपटॉप उघडावा लागणार असेल तर एवढी एक गोष्टही निर्णयाला पुरेशी आहे. (ज्यांना ऑफिसचा फोन टाळायचा आहे त्यांनी हेच वाक्य उलटं वाचावं.)

वाळूतल्या माश्यांबद्दल कोणी आधी सांगत नाही. डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढ्या बारीक, पहाटे आणि संध्याकाळी ओल्या वाळूजवळ चावतात. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर लाल पुरळ आणि चार-पाच दिवस खाज. खोबरेल तेलाचा जाड थर पायांना लावला की त्या तेलात अडकतात. वाळूवर थेट लोळू नका, चटई किंवा पंचा घ्या. दोन्ही बेटांवर सारखाच त्रास, यात कोणाला झुकतं माप नाही.

चार रात्री हातात असतील आणि घरात पोहणारी, स्कूबा करणारी तरुण मंडळी असतील तर हॅवलॉक तीन, नील एक. आजी-आजोबा आणि पाच-सहा वर्षांचं मूल बरोबर असेल, धावपळ नको असेल आणि तिथी साथ देत असेल तर दोन-दोन. फक्त दोनच रात्री असतील तर एकच बेट निवडा, दोन केलीत तर बॅगा भरण्यात आणि जेट्टीवर रांगेत उभं राहण्यात निम्मा वेळ जातो. अशा वेळी तिथी प्रतिपदा ते पंचमी असेल तर मी नील घेईन, एरवी हॅवलॉक.

परत निघताना मुलांचे खिसे तपासा. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा पांढरा तुकडासुद्धा नेता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि वीर सावरकर विमानतळावर क्ष-किरण यंत्रात तो स्पष्ट दिसतो. शंख-शिंपल्यांची वस्तू दुकानातून घेतली असेल तर पावती हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन झालेल्या बॅगेत नको.