दुसरीचा वर्ग: बोलक्या भिंती झाकल्या, मग मुलं बोलायला लागली

मी पुण्यात महापालिकेच्या मराठी शाळेत दुसरीला शिकवते. आमच्या वर्गाचे फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर फिरले तेव्हापासून मेसेज येतायत, खर्च किती आला, परवानगी कुणाची घेतली, पेंटर कोण. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. पेंटरचं सगळ्यात जास्त जणींनी विचारलंय म्हणून ते आधी सांगते, आम्ही भिंतींवर चित्रं काढून घेतलीच नाहीत, होती ती सुद्धा झाकली. वर्गात शिरल्यावर बरं वाटतं ना, त्याचं मोठं कारण माझ्या मते तेच आहे.

आधीचा वर्ग म्हणजे तळमजल्यावरची खोली, शहाबादी फरशी, मुलांच्या डाव्या हाताला दोन खिडक्या, कमरेपर्यंत गडद चॉकलेटी ऑइलपेंट आणि त्याच्या वर कुठल्या तरी वर्षी करून घेतलेल्या बोलक्या भिंती. मुळाक्षरं, फळं, भाज्या, इंग्रजी महिने, वाहतुकीची चिन्हं, राष्ट्रीय प्रतीकं, मोर, हत्ती, सगळं एका भिंतीवर. त्यावर परत तक्ते टांगलेले. बाक वरच्या वर्गाकडून आलेले, सात वर्षांच्या मुलांचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, मग दिवसभर पाय हलवणं चालू. शिवाय मागे तीन-चार मोडके बाक नुसते रचून ठेवलेले.

सुरुवात मी एका साध्या गोष्टीने केली. शाळा सुटल्यावर एकेका कोपऱ्यात जाऊन खाली मांडी घालून बसायचं आणि इथून मुलाला काय दिसतं ते वहीत लिहायचं. हे कुणीही करा, फुकट आहे. खिडकीच्या समोरच्या कडेला बसलं की फळ्याच्या निम्म्या भागावर नुसती चकाकी दिसते, तिथली मुलं सारखी शेजाऱ्याच्या वहीत का बघतात ते तिथे बसल्यावर कळतं. तक्ते सगळे मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, खालून त्यातली अक्षरं वाचताच येत नाहीत. आणि मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर त्यांना हात लावता येईल अशी एकही गोष्ट नव्हती, सगळं साहित्य कुलपातल्या कपाटात.

त्याच काळात वाचताना मला कार्नेगी मेलन विद्यापीठाचा २०१४ चा प्रयोग सापडला. अमेरिकेतल्या बालवाडीच्या वयाच्या २४ मुलांना विज्ञानाचे छोटे छोटे पाठ शिकवले, काही पाठ तक्त्या-चित्रांनी भरलेल्या खोलीत आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. मोकळ्या खोलीतल्या पाठांवर मुलांची सरासरी ५५ टक्के उत्तरं बरोबर आली आणि भरलेल्या खोलीतल्या पाठांवर ४२ टक्के, शिवाय तिथे लक्षही जास्त वेळ दुसरीकडे होतं. २४ मुलं म्हणजे प्रयोग लहानच, पण रोज वर्गात उभं राहणाऱ्या बाईला हे लगेच पटतं. मग इंग्लंडच्या सॅल्फर्ड विद्यापीठाचा २०१५ चा अहवाल वाचला, त्यांनी १५३ वर्ग तपासले होते. वर्षभरातल्या मुलांच्या प्रगतीत जो फरक पडतो त्यातला १६ टक्के वर्गखोलीच्या रचनेमुळे पडतो असा त्यांचा हिशेब, आणि त्यातला निम्मा वाटा उजेड, हवा, तापमान यांचाच. भिंतींबद्दल ते म्हणतात की २० ते ५० टक्के भाग मोकळा सोडा. अगदी उघडीबोडकी भिंतही नको आणि ठासून भरलेलीही नको. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण आपल्याकडे वर्ग सजवणे म्हणजे अजून एक तक्ता लावणे असंच धरलेलं आहे.

मोठ्या बाईंकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न, "अहो, बोलक्या भिंती झाकल्या तर तपासणीला आलेले साहेब काय म्हणतील?" प्रश्न बरोबरच होता. म्हणून मी कागदावर वर्गाचा नकाशा काढून नेला, कुठल्या भिंतीवर काय राहणार, काय जाणार, मुलांना त्याचा उपयोग काय. तो बघून त्या म्हणाल्या, "लेखी द्या, मी सही करते." आणि खरंच केली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही त्यांनीच विषय मांडला.

आता बाकांचं. मोडका बाक मोडका आहे म्हणून उचलून टाकता येत नाही, तो डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत असतो, त्याचा निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव करावा लागतो आणि तो सावकाश पुढे सरकतो. त्याची वाट बघत बसू नका. आम्ही एवढंच केलं की मोडके बाक रजिस्टरला नोंद करून जिन्याखालच्या खोलीत हलवले आणि चांगले बाक पाचवीला दिले, त्यांना हवेच होते. बदल्यात आम्हाला बसकरपट्ट्या आणि माळ्यावर धूळ खात पडलेली बैठी डेस्कं मिळाली. खाली बसवल्यावर पहिल्यांदा वर्गात मधे जागा झाली. पटावर ३६ मुलं आहेत, बाक होते तेव्हा मला मागच्या रांगेपर्यंत पोचायला आडवं होऊन जावं लागायचं.

सगळ्यात नाजूक काम होतं दुपारच्या बाईंशी बोलायचं. आमची शाळा दोन पाळ्यांत भरते, सकाळी दुसरी आणि दुपारी त्याच खोलीत चौथी. हे जिथे असेल तिथे आधी दुसऱ्या पाळीच्या शिक्षकांना विचारा, मग रंगाचा डबा उघडा. त्या वयाने मोठ्या, नोकरीची वर्षं माझ्यापेक्षा जास्त. मी म्हणलं, "ताई, खोली तुमचीही आहे, तुम्हाला काय नको ते आधी सांगा." त्या म्हणाल्या, "मला माझा तक्ता रोज नव्याने लावायला लागू नये आणि माझ्या मुलांनी तुझ्या मुलांच्या वस्तू मोडल्या असं ऐकायला लागू नये." यातून मग वाटणी ठरली. मागची भिंत सकाळची, खिडकीची भिंत दुपारची, फळ्याच्या भिंतीवर दोघींनी काहीही लावायचं नाही. वस्तूंच्या मांडणीला पडदा, पाळी बदलली की पडदा सरकतो. आज चौथीची मुलंसुद्धा परवानगी घेऊन आमची पुस्तकं वाचतात.

रंगाचं काम एका पालकांनी केलं, ते साइटवर रंगकामालाच जातात. त्यांनी मजुरी घेतली नाही, सामान शाळेच्या अनुदानातून आणि थोडं लोकसहभागातून आलं. ते मला सारखं विचारत होते, "बाई, एखादा मोर तरी काढू का? नुसतं पांढरं बरं दिसत नाही." मी म्हणलं, "दादा, मोर मुलं काढतील, तुम्ही त्यांना जागा करून द्या." वर फिकट साय रंगाचा डिस्टेंपर, मुख्य फळ्याला न चकाकणारा नवीन काळा रंग, आणि फळ्याजवळच्या खिडकीला जाड मांजरपाटाचा पडदा. चकाकी गेली.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. चॉकलेटी पट्टा होता ना कमरेपर्यंत, तो मागच्या आणि बाजूच्या भिंतीवर घासून काढला आणि तिथे फळ्याचा काळा रंग दिला. जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. त्यावर उभ्या रेघा मारून दोघांत एक असे रकाने पाडले, वर हजेरी क्रमांक. खाली लाकडी पट्टीची अरुंद खाच, त्यात खडू आणि जुन्या मोज्याचं डस्टर. हे मुलांचे फळे. वजाबाकीचं गणित वहीत चुकलं की खोडरबर, मग कागद फाटतो, मग रडू, हे सगळं थांबलं. भिंतीवर चुकलं की मोज्याने पुसलं आणि परत लिहिलं. मी मधे उभी राहून एका नजरेत अठराच्या अठरा रकाने बघू शकते, हातचा घ्यायला कोण विसरलंय ते तिथल्या तिथे दिसतं. एक मुलगी आहे, आईवडील बांधकामावर, वर्गात पहिले काही महिने तोंडच उघडायची नाही, ती तिच्या रकान्यात रोज घर काढायची आणि जोडीदाराला हळू आवाजात सांगायची की इथे आम्ही झोपतो, इथे चूल. मी ते ऐकून तिथेच तिच्या चित्राखाली 'चूल' लिहिलं. वाचनाला तिची सुरुवात तिथून झाली.

मांडणीसाठी मार्केट यार्डातून फळांची लाकडी खोकी आणली. ती तशीच वापरू नका, कुसं लागतात आणि खिळे वर आलेले असतात. पॉलिश पेपरने चांगली घासून, खिळे ठोकून, एकावर एक दोनच ठेवायची आणि भिंतीला पट्टीने पक्की करायची, कारण मुलं चढतात म्हणजे चढतातच. सुतारकाम करणाऱ्या एका आजोबांनी हे करून दिलं. प्रत्येक खोक्यावर आतल्या वस्तूचं नाव आणि चित्र, चिंचोके, बिया, काड्यांचे दशकाचे गठ्ठे, मापं, ठोकळे. डबे पारदर्शक, बोहरी आळीतून घाऊकने. चित्र असलं की वस्तू परत जागेवर जाते, न वाचता येणाऱ्या मुलाकडूनही जाते.

बिया, दगड, पानं यांचं मला मनापासून पटलंय ते बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामामुळे. १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, तेव्हा महागडी माँटेसरी साधनं परवडणार नाहीत म्हणून त्यांनी आसपास मिळेल त्यातून साधनं केली, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं चारायला जाणाऱ्यांसाठी कुरणात नेली. आपल्याला निदान खोली तरी आहे.

वाचन कोपऱ्यात पुस्तकं उभी कणा दाखवून ठेवली तर दुसरीचं मूल हात लावत नाही, मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. म्हणून दोरीवर अडकवली, चिमटे तुळशीबागेतले. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक त्यात आहेत. दोरी बांधताना मुलांना उभं करून उंची ठरवली. खाली पालक आयांनी शिवून दिलेली जाड गोधडी. तिचा अजून एक फायदा झाला, खोलीत आवाज घुमायचा तो कमी झाला. फरशी, स्लॅब आणि उघड्या भिंती असल्या की आवाज आपटून परत येतो, मुलं अजून मोठ्याने बोलतात आणि बाईचा घसा बसतो. गोधडी, पडदे, बसकरपट्ट्या, एवढ्यानेही फरक पडतो, माझ्या घशाला विचारा.

मुलांचं काम लावायचं ते मागच्या भिंतीवर मुलांच्या फळ्यांच्या वर, त्यांच्या नजरेला, आणि सगळ्यांचं. चांगलं अक्षर असलेल्या पाच मुलांचंच लावलं तर बाकीची तिकडे बघत नाहीत. काय लावायचं ते मूल स्वतः निवडतं, नवीन लावताना जुनं घरी जातं. तक्ते आता फक्त चालू घटकाचे, घटक संपला की गुंडाळून ठेवायचे. दारातून फळ्यापर्यंत फरशीवर शून्य ते शंभर संख्यारेषा आखली आहे, त्यावर उड्या मारत बेरीज होते. दाराच्या चौकटीवर उंचीची पट्टी, मोजमापाचा अर्धा घटक तिथेच होतो.

झाडू मारणाऱ्या मावशींना विसरू नका. जमिनीवर जास्त वस्तू ठेवल्या की त्यांना वाकून वाकून काढावं लागतं. म्हणून शेवटची पाच मिनिटं मुलं बसकरपट्ट्या गुंडाळतात, डेस्कं भिंतीला लावतात. मावशी आता स्वतः सांगतात, "बाई, त्या कोपऱ्यातल्या कुंडीला पाणी घातलं नाही कुणी."

सगळा खर्च दहा हजारांच्या आत बसला, त्यात रंग आणि लाकडी पट्ट्याच जास्त. काम मे महिन्यात करा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की वेळ नाही आणि पावसात रंग वाळत नाही. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला जुलैपासून ओल येते, तिथे कागद लावला की बुरशी धरते, म्हणून तो तुकडा पूर्ण मोकळाच सोडलाय. तुमच्या भिंतीला ओल असेल तर आधी बाहेरून पाइप आणि गच्ची बघून घ्या, रंग नंतर.

अजून राहिलंय ते हवेचं. मागे एक खिडकी आहे, ती बाहेरच्या गटाराच्या वासामुळे कायम बंद असते आणि त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये साडेअकरानंतर मुलं पेंगतात. गटारावर झाकण बसवायचा अर्ज मोठ्या बाईंच्या सहीने दिलाय, समितीतले दोन पालक त्याच्या मागे आहेत. झाकण बसलं की खिडकीला जाळी आणि आतून कुंड्यांची फळी, तिचं माप घेऊन ठेवलंय. नकाशा कुणाला हवा असेल तर मागा, फोटो काढून पाठवते.