आमची वाटचाल : छंदातून उभा राहिलेला विमानांचा कारखाना

पुण्यातील आमच्या छोट्या कारखान्यात रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानांचे, बाल्सा या हलक्या लाकडाचे, स्वतः जोडायचे संच तयार होतात. मला हा छंद शाळेत असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये, तारांच्या टोकाला गोल फिरणाऱ्या कंट्रोल-लाइन विमानांमुळे लागला, आणि रेडिओ हाती आल्यावर तो आयुष्यभराचा झाला. त्या काळी मैदानावर मिथेनॉल व एरंडेल तेलाच्या मिश्रणावर चालणारी ग्लो इंजिने असत आणि ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे हातातल्या रेडिओ-नियंत्रकात, ठराविक वारंवारितेचा क्रिस्टल बसवावा लागे. एकाच वारंवारितेचे दोन ट्रान्समीटर एका वेळी चालू झाले, तर हवेतले विमान ताब्यातून जाई. म्हणून आपापली वारंवारिता आधी सांगून पाळीपाळीने उडवण्याची शिस्त सर्वजण पाळत. पुढे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओने ती अडचण दूर केली आणि ब्रशलेस विद्युत मोटरमुळे इंजिन जुळवण्याची खटपटही संपली.

व्यवसायाची सुरुवात दुरुस्तीने झाली. मोडलेली विमाने जोडून देताना दिसत गेले की तयार विमान घेणारा पहिल्या अपघातानंतर बहुधा छंदच सोडतो, तर पंखाची एकेक रिब (पंखाला आकार देणारी पट्टी) स्वतः चिकटवलेला मुलगा तेच विमान पुन्हा उभे करतो. म्हणून आम्ही तयार विमाने विकत नाही. विक्री कमी होते, तरीही हा निर्णय मला योग्य वाटतो.

आमच्याकडे सर्वाधिक मागणी ट्रेनरला, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या विमानाला आहे. त्याच्या पंखाचा छेद १९२२ मध्ये रेखाटलेल्या क्लार्क वाय या प्रकारचा असून त्याची खालची बाजू बहुतांशी सपाट असते, त्यामुळे सरळ पाटावर ठेवून बांधलेल्या पंखात पीळ राहत नाही. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरात आला पाहिजे, हे आम्ही बांधणीच्या नकाशावर ठळक छापतो, कारण शेपटीकडे जड झालेले विमान कसलेल्या हातालाही आवरत नाही. लेसरने कापलेल्या भागांची करपलेली कड हलक्या हाताने घासावी, म्हणजे गोंद नीट धरतो.

२०२० च्या सुमारास पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी बाल्साची मागणी जगभर वाढली आणि प्रामुख्याने इक्वेडोरहून येणारे हे लाकूड फार महागले. तेव्हा आम्ही किंमत वाढवली, पण पंखात जड लाकूड वापरले नाही.

ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण, संशोधन वा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेलना प्रकार-प्रमाणपत्रातून (विमानाच्या नमुन्याला लागणाऱ्या सरकारी मान्यतेतून) सूट दिल्याने आमच्यासारख्या उत्पादकांना दिलासा मिळाला. हवाई क्षेत्राचे निर्बंध मात्र लागू आहेतच, आणि लोहगाव विमानतळ जवळ असलेल्या पुण्यात उडवण्यापूर्वी हवाई क्षेत्राचा सरकारी नकाशा पाहणे अत्यावश्यक आहे.

सध्या आम्ही सह्याद्रीच्या उतारावर वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगणाऱ्या, मोटर नसलेल्या ग्लायडरचा संच घडवत आहोत. खडकाळ जागी उतरताना पंख तुटू नये, यासाठी मुख्य स्पारची (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या आधारपट्टीची) जाडी ठरवण्याचे काम चालू आहे.