दूध संस्थेचा डॅशबोर्ड करताना

कोल्हापूरकडच्या एका गावातल्या दूध संस्थेसाठी ॲपचा डॅशबोर्ड, म्हणजे महत्त्वाचे आकडे एका नजरेत दाखवणारा पडदा, करायचं काम माझ्याकडे आलं. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला आराखडा दोन दिवसांत झाला. गाय-म्हैस दुधाचा वाटा दाखवणारा डोनट (मधे पोकळ असलेला गोल आलेख), स्पीडोमीटरसारखा काटा आणि सगळ्यांत वर ठळक आकडा: सरासरी फॅट (दुधातला स्निग्धांश, टक्क्यांत) ४.७.

सचिवांनी तो पाहून विचारलं, "हे दूध कुणाचं म्हणायचं?"

मला उत्तर देता येईना. गाईच्या दुधाची फॅट साडेतीन-चार, म्हशीची सहाच्या पुढे. ४.७ फॅटचं दूध तिथे कुणी घालतच नव्हतं. शिवाय मी सरळ नोंदींची सरासरी काढली होती. एकाचं म्हशीचं २ लिटर ६.५ फॅटचं, दुसऱ्याचं गाईचं ४० लिटर ३.५ चं, माझ्या हिशोबाने सरासरी ५.०. लिटर धरून काढली तर जेमतेम ३.६४. दर फॅटवरही ठरतो, त्यामुळे ही चूक साधी नव्हती.

मग दोन दिवस सकाळी सहाला दूध संकलन केंद्रावर जाऊन बसलो. तिथे जे शिकलो ते कुठल्याही टेम्प्लेटमध्ये नव्हतं. आजच्या सकाळची तुलना कालच्या सकाळशीच करायची, कालच्या संध्याकाळशी नाही. आज कोण आलं नाही? कुणाची फॅट अचानक उतरली? कूलरचं तापमान ४ अंशांवर आहे का? सचिवांची नजर एवढ्यावरच फिरत होती.

डोनट आणि काटा काढून टाकले. कोनापेक्षा एकाच पट्टीवर बार कुठे संपतो ते डोळ्यांना जास्त अचूक कळतं, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच प्रयोगाने दाखवलंय. म्हणून साधे आडवे बार घेतले, गाय वेगळी, म्हैस वेगळी. नुसत्या लाल-हिरव्या रंगावर न विसंबता बाण आणि शब्दही दिले. रक्कम १,२५,००० अशी, लाखाच्या स्वल्पविरामाने. संकलनाआधी दिसणारं '० लिटर' मला फार खटकलं, कारण त्याचा अर्थ दूधच आलं नाही असा होतो. तिथे लिहिलं, 'संध्याकाळचं संकलन अजून सुरू झालेलं नाही'.

आता सगळ्यांत वर न आलेल्यांची यादी होती. चाचणीच्या सकाळी सचिवांनी त्यातलं पहिलं नाव वाचलं आणि लगेच फोन लावला. "आबा, आज दूध न्हाई आलं. म्हस बरी हाय न्हवं?"