तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांची भाषा कधी सुधारणार?

जळगावात मी महाविद्यालयीन मुलामुलींचे अभिनयाचे वर्ग घेते. पालक भेटले, प्राध्यापक भेटले, की एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, ही मुलं घरी अहिराणी बोलतात. स्टेजपुरती तरी यांची भाषा सुधारायला किती दिवस लागतील?" विचारणाऱ्यांची काळजी खरी असते, कारण विद्यापीठाच्या 'युवारंग' युवक महोत्सवापासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत उच्चारांपायी गुण गेलेले त्यांनी पाहिलेले असतात. म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

रोज अर्धा तास दिला तर प्रमाण मराठीचे उच्चार बसायला माझ्या अनुभवात तीन-चार महिने पुरतात. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो आणि 'ण'चा 'न'. डोळा हा 'डोया' आणि पाणी हे 'पानी'. 'ळ' आणि 'ण' म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूच्या कडक भागाला लागावे लागते, आणि हे वळण जिभेला सरावाने येते. मी मुलांना 'काळा' आणि 'काया' हे शब्द पाठोपाठ म्हणायला लावते. अहिराणीत 'काया' म्हणजे काळा, पण प्रमाण मराठीच्या प्रेक्षकाला तिथे शरीर ऐकू येते. हा फरक कानाला कळला की जीभ त्यामागून येते.

मला सांगायचे आहे ते याच्या आधीचे आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही पहिल्या दिवसापासून मुलांना वाक्यावाक्याला अडवत असे. एका मुलाचा 'ळ' मी सर्वांसमोर तीनदा दुरुस्त केला; चौथ्यांदा त्याने ते वाक्यच गिळले, आणि पुढच्या आठवड्यात "मला बॅकस्टेजचं काम द्या" म्हणून तो माझ्याकडे आला. त्याचा उच्चार सुधारत होता आणि आवाज दिवसेंदिवस लहान होत होता. ते मला वेळेवर दिसले नाही, याची खंत आजही आहे.

त्यानंतर मी क्रम बदलला. पारोळ्याकडची एक मुलगी स्वगत म्हणायला उभी राहिली, तेव्हा तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते, हनुवटी पुढे आली होती आणि आवाज गळ्यातून चिरका निघत होता. मी तिला थांबवून म्हटले, "शेताच्या त्या बांधावर आई आहे, तिला जेवायला बोलाव." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि हाक मारली, "माय वं!" खांदे खाली आले, बरगड्या दोन्ही बाजूंना फुलल्या, पोट सैल झाले, आणि सभागृहातल्या शेवटच्या रांगेत बसलेल्या मुलांनी माना वर केल्या. श्वास आत घेताना श्वासपटल खाली सरकते आणि पोट पुढे येते, हे मी फळ्यावर कितीही काढून दाखवले असते तरी तिला एवढे समजले नसते. मग तिला सांगितले, की हाक जिथून निघाली तिथूनच आता स्वगताचे पहिले वाक्य म्हण. ते लगेच जमले असे नाही, सात-आठ वेळा ती पुन्हा गळ्यात गेली. पण कुठे परत यायचे हे तिला आता ठाऊक होते.

तेव्हापासून माझ्या वर्गात पहिले सहा आठवडे सर्व स्वगते आणि प्रसंग घरच्या बोलीत होतात. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो म्हणून आम्ही सकाळी सहाला जमतो, जमिनीवर उताणे पडून पोटावर वही ठेवतो आणि ती श्वासाबरोबर वर-खाली होताना पाहतो. खुल्या नाट्यगृहात तर हे फार उपयोगी पडते, कारण तिथे आवाज परतवायला भिंती नसतात आणि गळ्याने ओरडणाऱ्याचा आवाज दुसऱ्या अंकाआधीच बसतो. आपल्याकडचे वहीगायक, म्हणजे 'वही' ही खानदेशी लोकगीते गाणारे, डफाच्या साथीने रात्र रात्र गातात, त्यांच्याकडे मुलांनी एकदा तरी नीट पाहावे असे मला वाटते.

शरीराचेही तेच. रावेरकडच्या एका मुलाला थकलेल्या बापाची भूमिका होती आणि तो कंबरेत वाकून हात थरथरवत होता, कारण म्हातारपण त्याने टीव्हीवर तसे पाहिले होते. घरची केळीची बाग असलेल्या त्या मुलाला मी विचारले, "घड कसा उचलतोस?" त्याने खांद्यावर कापडाची घडी ठेवल्याचा अभिनय केला, आधी गुडघे वाकवले, श्वास धरला, वीस-पंचवीस किलोचे ओझे अंगावर घेतले आणि मान ताठ ठेवून लहान, भरभर पावले टाकत निघाला, ओझे हेलकावू नये म्हणून तसेच चालावे लागते. "आता घड काढून टाक, पण मान आणि पावले राहू दे," एवढेच मी म्हटले. बाप समोर उभा राहिला. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने नटाला 'मी या परिस्थितीत असतो तर काय केले असते' असे विचारायला शिकवले. आमच्या मुलांनी त्यातला पुष्कळ भाग शेतात आधीच केलेला असतो, आणि तो त्यांना आठवून देणे हे माझे काम आहे.

प्रमाण मराठी मी शिकवतेच, आणि कसून शिकवते, कारण उद्या त्यांना पुण्याचा न्यायाधीश उभा करायचा असेल तर त्याची भाषा त्यांच्या तोंडात हवी. फक्त ती मी भूमिकेची भाषा म्हणून शिकवते, पोशाखासारखी. स्पर्धेत एका परीक्षकांनी आमच्या मुलीला "बोलीचा वास येतो" असे म्हटले होते. तो शब्द मी तिच्या मनातून काढू शकले की नाही, कोण जाणे.

पारोळ्याच्या त्या मुलीने वर्षअखेरीस वकीलबाईंचा प्रसंग केला. अशिलाशी बोलताना तिचा एकही 'ळ' घसरला नाही. मध्येच घरून फोन आला आणि ती म्हणाली, "काय व्हयनं, माय?" मी तिच्या खांद्यांकडे पाहत होते, दोन्ही वेळेला ते खालीच होते.