कोपऱ्याला बटनच न्हाई साहेब! टेकनसाठी कंट्रोलर निवडताना माझा अनुभव

खरं तर मला लिहायचं होतं टेकन या मारामारीच्या व्हिडिओ गेमसाठी पॅड (दोन्ही हातांत धरायचा साधा कंट्रोलर), स्टिक (दांडा आणि बटनांचा डबा) आणि लिव्हरलेस (दांड्याशिवाय नुसत्या बटनांचा डबा) यातलं काय घ्यावं यावर, पण डोक्यात अजून माझा बिघडलेला पॅड नेलेलं ते सर्व्हिस सेंटरच फिरतंय, त्यामुळं ते बाहेर पडल्याशिवाय पुढं काही सुचणार नाही.

लहानपणी कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका बोळात प्लेस्टेशन लावून तासावर खेळायला देणारं दुकान होतं. टेकन ३ मध्ये सगळी पोरं एडी नावाचं पात्र घ्यायची आणि लाथांची बटनं मिळंल तशी बडवायची. तेव्हा कंट्रोलर निवडायचा म्हणजे दोघांतला ज्याची बटनं कमी चिकटत्यात तो आधी पळत जाऊन धरायचा, एवढंच. २०२४ च्या जानेवारीत टेकन ८ आला, पीसीवर घेतला आणि हौसेनं काझुया हे पात्र धरलं. काझुया म्हणजे इलेक्ट्रिक, त्याचा विजेचा ठोसा. पुढं, मग सगळं सोडायचं, मग खाली, मग खाली-पुढं कोपरा आणि त्याच्याबरोबर ठोसा, आणि हे शेवटचं दोन्ही एकाच फ्रेममध्ये. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंद. जमलं तर हातातनं वीज निघते आणि समोरच्यानं ब्लॉक केला तरी पुढचा डाव आपला. हुकलं तर साधा ठोसा जातो, आणि तो ब्लॉक झाला की मेलोच.

माझं काय व्हायचं, स्क्रीनच्या डाव्या बाजूला असलो की दहातनं दोन लागायचे आणि उजव्या बाजूला असलो की सात-आठ. तीन आठवडे मला वाटत होतं आपल्याच अंगठ्यात खोट आहे. शेवटी प्रॅक्टिस मोडमध्ये इनपुट, म्हणजे कुठलं बटन लागलं ते, दाखवायचं चालू केलं तर खालचा बाण, त्याच्यामागं थेट उजवा बाण, मधला तिरका बाण गायबच. पॅड घेऊन पाच महिने झालेले, वॉरंटी वर्षाची. म्हटलं चला, सोपं काम आहे.

सोपं काम! कंपनीचं कलेक्शन सेंटर एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर, उघडायची वेळ १० म्हणून लिहिलेली आणि शटर वर जातं पावणेअकराला. मी उद्यमनगरात काम करतो, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गेलो तर त्यांची पण जेवणाची सुट्टी, मग अर्धी रजा टाकली. फॉर्मवर प्रॉब्लेमला चारच पर्याय: चालू होत नाही, चार्ज होत नाही, बटन काम करत नाही, इतर. मी 'इतर' म्हटलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, 'इतर' टाकलं की पुण्यास्नं परत येतंय, बटन टाकूया. टाकलं. सोळा दिवसांनी पॅड परत आला, सोबत चिठ्ठी, दोष आढळला नाही.

मी परत गेलो. पोरानं लॅपटॉपला जोडून टेस्टची स्क्रीन काढली आणि वर, खाली, डावं, उजवं दाबून दाखवलं. चार दिवे लागले.

"चार पण लागत्यात की साहेब."

"अरे चार लागतात भावा, कोपरा लागत नाही."

त्यानं पॅड डोळ्यापाशी धरून खरंच नीट बघितलं. "कोपऱ्याला बटनच न्हाई साहेब."

आणि राग याचाच आला की तो बरोबर बोलत होता. डी-पॅडला, म्हणजे दिशांच्या चार बाणांच्या बटनाला, कोपऱ्याचं वेगळं काही नसतंच, खाली आणि उजवं दोन्ही एकदम लागलं की गेम त्याला तिरकं समजतो. आत रबर, त्याला खालनं काळा ठिपका, तो ठिपका पट्टीवर टेकला की बटन लागलं, टीव्हीच्या रिमोटसारखंच. माझ्या पॅडमध्ये सरळ उजवं दाबलं की लागायचं, पण अंगठा खालनं फिरवत नेला की तेवढा जोर त्या ठिपक्याला पुरायचा नाही. हे सगळं मी काउंटरवर उभा राहून समजावून सांगितलं, मागं एक आजोबा प्रिंटर घेऊन उभे होते, ते म्हणाले, "अहो, त्यांचं काय ते लवकर बघा." पोरगा म्हणाला, व्हिडिओ द्या. मी घरी येऊन मोबाईलच्या स्लो मोशनवर व्हिडिओ काढला, अंगठा आणि स्क्रीन दोन्ही दिसेल असा, त्यासाठी आईला मोबाईल धरून स्टुलावर उभं केलेलं. आईचं मत, "दाबतोयस तवा खेळतंय की रं ते, आणि काय पायजे तुला?" तर तो व्हिडिओ झाला ८० एमबीचा आणि त्यांच्या साईटवर चढतो ५ एमबी. लहान केला तर बाण कुठला ते माझं मलाच दिसेना. मग त्या पोराच्या व्हॉट्सअपवर टाकला, निळ्या टिका आल्या, पॅड दुसऱ्यांदा पुण्याला गेला, वीस दिवस. परत तीच चिठ्ठी, आणि खाली पेननं लिहिलेलं, 'ग्राहकाला वापर समजावून सांगितला'. कुणी सांगितला, कधी सांगितला?

तिसऱ्यांदा मी गेमचं नावच काढलं नाही. फक्त लिहिलं, 'उजवं बटन कधी लागतं, कधी लागत नाही.' नऊ दिवसांत नवीन पॅड. तेव्हा कुणाला वॉरंटीत द्यायचं असेल तर फायटिंग गेम, फ्रेम, कोपरा हे शब्द तोंडातनं काढू नका, त्यांच्या फॉर्ममध्ये बसेल अशीच तक्रार करा. मला हे कळायला दोन महिने आणि तीन अर्ध्या रजा लागल्या.

आता मुद्द्याचं. या दोन महिन्यांत खेळायचं कशावर, तर कीबोर्डवर. पहिले चार दिवस बोटं गोंधळली, पाचव्या दिवशी इलेक्ट्रिक सलग सहा लागले आणि मी खुर्चीतनं उठलो. कारण साधं आहे, खाली दाबून ठेवायचं आणि डाव्या हातानं 'पुढं' आणि उजव्या हातानं ठोसा एकाच ठोक्यात मारायचं, टाळी वाजवल्यासारखं. कोपरा शोधत फिरायचंच नाही. पण साधा ऑफिसचा कीबोर्ड असेल तर आधी नोटपॅड उघडून तुमची तीन-चार बटनं एकदम दाबून बघा, सगळी अक्षरं उमटली तर ठीक, नाहीतर कीबोर्ड एखादं बटन गिळतोय. माझा गिळत होता, भावाचा मेकॅनिकल कीबोर्ड ढापला.

मधे सांगलीच्या एका दोस्ताची आर्केड स्टिक आठवडाभर आणलेली. सान्वा या जपानी कंपनीचा दांडा, ३० मिलिमीटरची बटनं. खोटं कशाला बोलू, डोक्यात टेकनचा खेळाडू, लाहोरचा आर्सलन अॅश होता, २०१९ मध्ये जपानचा एव्हो आणि अमेरिकेतला एव्हो, या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धा, दोन्ही मारलेला, म्हटलं दांडा धरला की आपण पण तसंच. दांड्याच्या खाली चौकोनी गेट, म्हणजे दांडा अडवणारी चौकट, असतं, कोपऱ्यात गेला की टक्कन कळतं, मजा लई येते. पण माझा हात तेवढा फास्ट नाही, आणि रात्री एक वाजता ती टकटक आतल्या खोलीत जाते. आठवड्यानं स्टिक सांगलीला.

मग लिव्हरलेसच करायचं ठरलं, म्हणजे दांड्याच्या जागी पण बटनंच. तयार घ्यायचा दर बघून घरीच बनवला. रास्पबेरी पाय पिको नावाचा छोटा बोर्ड, त्यात जीपी२०४०-सीई नावाचं फुकटचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डाला कंट्रोलर बनवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक बटनाची एक वायर पिनला आणि एक ग्राउंडला, झालं. पहिला डबा पेढ्याच्या पुठ्ठ्याचा होता, बटनं कुठं बसली की मनगट दुखत नाही ते त्यावर ठरवलं, मग नेमप्लेट बनवणाऱ्याकडनं अॅक्रिलिक कापून घेतलं. वर उडी मारायचं बटन अंगठ्याखाली ३० मिलिमीटरचं, बाकी सगळी २४ ची. एका रविवारचं काम.

अडकलो ते फक्त केबलला. पिकोवरचं बटन दाबून धरून कॉम्प्युटरला लावला की पेनड्राइव्हसारखा दिसायला पाहिजे, तो काही केल्या दिसेना, मला वाटलं बोर्डच मेला. केबल नुसती चार्जिंगची होती, आत डेटाची वायरच नव्हती. दुसरी लावली, लगेच दिसला. हे आधी सांगायला पाहिजे होतं.

अजून दोन गोष्टी. डावं आणि उजवं एकदम दाबलं तर काय व्हायचं ते सेटिंग न्यूट्रलवर, म्हणजे दोन्ही रद्द होतील असं, ठेवा, नाहीतर ऑनलाइन शिव्या खाल. आणि पीएस५ वाल्यांनी लगेच बटनं मागवू नका, तिथं ओळख पटल्याशिवाय कंट्रोलर घेत नाही, असला घरचा डबा सरळ लावून चालत नाही. माझं सगळं पीसीवर आहे.

आणि पॅड पाहिजे असेल तर पॅडच घ्या, पॅडवर मला मारणारी कितीतरी पोरं आहेत. फक्त दुकानातच प्रॅक्टिस मोड लावून चारही कोपरे फिरवून बघा, दुकानदार तोंड वाकडं करू दे.

तो वॉरंटीतला नवीन पॅड मी एक संध्याकाळ वापरला. कोपरा लागत होता. आता तो मामेभावाकडं आहे, तो त्यावर फुटबॉल खेळतो, डी-पॅडला अजून हात पण लावलेला नाही त्यानं.