फास, टॉवेल आणि बावीस मिनिटं

अमेरिकेतल्या वाहिन्यांवर विनोदी मालिकेच्या एका भागाला जाहिराती वगळून जेमतेम बावीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात पोटमाळ्यावरचा रॅकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला तिकडचा रानटी प्राणी) बाहेर काढायचा, दोन सहकाऱ्यांची धुसफूस मिटवायची आणि जमलं तर साहेबांची फजितीही उरकायची. रॅकूनला यातलं काही ठाऊक नसतं. तो यायचा तेव्हाच येतो. महापालिकेच्या प्राणी पकडणाऱ्यांवरच्या, फॉक्स वाहिनीच्या ‘ॲनिमल कंट्रोल’ या मालिकेचा दुसरा सीझन बघताना खरी मजा येते ती या ओढाताणीची. धंदा सगळा वाट बघण्याचा, आणि मालिकेला थांबायला सवड नाही.

गोष्ट सिॲटलची. फ्रँक हा मूळचा पोलिस. खात्यातला भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणायला गेला आणि नोकरी घालवून बसला. आता तो महापालिकेसाठी प्राणी पकडतो, आणि माणसांपेक्षा प्राण्यांशीच त्याचं बरं जमतं. ही भूमिका जोएल मॅकहेलची. तो स्वतः सिॲटलच्या परिसरातच वाढलेला, पण चित्रीकरण मात्र कॅनडातल्या व्हँकूव्हरला. फ्रँकच्या जोडीला श्रेड नावाचा माजी स्नोबोर्डपटू आहे. वर एमिली नावाची साहेब, आणि दुसऱ्या गाडीवर संसारी अमित आणि न्यूझीलंडची व्हिक्टोरिया. पहिल्या सीझनचे 12 भाग होते. दुसरा 6 मार्च 2024 ला सुरू झाला आणि 9 भागांत आटोपला, कारण 2023 मध्ये आधी लेखकांचा आणि मग कलाकारांचा संप झाला होता. हे एका परीनं बरंच झालं. ओळखीपाळखी आधीच झालेल्या, भाग मोजके, त्यामुळे पाणी घालायला जागाच उरली नाही.

अशा मालिकेत प्राणी दिसतो झटक्यात आणि सापडतोही झटक्यात. प्रत्यक्षात कॅचपोल, म्हणजे टोकाला फास असलेली ती लांब ॲल्युमिनियमची काठी, हे घाईचं हत्यारच नव्हे. कुत्र्याला घालायचा फास नुसता मानेत अडकवला की तो मागे ओढतो आणि गळा आवळला जातो. म्हणून जमेल तिथं मानेबरोबर एक पुढचा पायही फासात घ्यायचा. काठी कुत्र्याला ओढण्यासाठी नसते, तो आणि आपण यांच्यातलं अंतर राखण्यासाठी असते. गाडीत चढवताना त्याला काठीनं उचललं तर सगळं वजन मानेवर येतं, तेव्हा मागच्या बाजूला आधार द्यायला दुसरा माणूस लागतो. मांजराला तर हा फास मानेत घालूच नये. तिथं जाळी किंवा पिंजरा.

पिंजरा लावणं ही वेगळीच कला आहे. आमिष पायपट्टीच्या, म्हणजे पाय पडताच दार बंद करणाऱ्या पट्टीच्या, पलीकडे ठेवायचं. अलीकडे ठेवलं तर प्राणी मान लांबवून खातो आणि निघून जातो. रॅकूनसाठी मासा ठेवला की सकाळी आत शेजाऱ्यांचं मांजर बसलेलं असतं, म्हणून अनुभवी लोक मार्शमॅलो ही मऊ, गोड मिठाई ठेवतात. मांजराला गोडाची चवच कळत नाही. प्राणी आत गेला की पिंजऱ्यावर टॉवेल टाकायचा. अंधार झाला की धडका थांबतात, नाहीतर तारांवर तोंड आपटून तो रक्तबंबाळ होतो. या धंद्यातलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात स्वस्त साधन कोणतं विचाराल, तर टॉवेल. पडद्यावर मात्र बंदूकच जास्त शोभते.

बंदुकीवरून आठवलं. गुंगीच्या बाणाबाबत झाडून सगळे पटकथाकार खोटं बोलतात. बाण लागला की प्राणी धाडकन पडतो, हे फक्त पडद्यावर. औषध स्नायूतून भिनायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. प्राणी घाबरलेला असेल तर त्याहून जास्त, आणि तेवढ्या वेळात तो तीन कुंपणं ओलांडून रस्त्यावर पोचलेला असतो. त्याच्यामागे धावायचंही नाही, कारण धावलं की तो आणखी बिथरतो. लांबून नजर ठेवायची आणि थांबायचं. बावीस मिनिटांतली पंधरा अशी गेली तर मालिका पहिल्याच आठवड्यात बंद पडेल, हेही खरं.

वटवाघळाचं प्रकरण आणखी नाजूक. सिॲटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथं रेबीज बाळगणारा रानटी प्राणी म्हणजे वटवाघूळ. झोपलेल्या माणसाच्या खोलीत ते सापडलं तर खिडकी उघडून सोडून द्यायचं नाही. हातमोजे घालायचे, वर डबा पालथा घालायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि तपासणीसाठी आरोग्य खात्याला कळवायचं. चपलेनं डोकं चेचलं तर सगळंच मुसळ केरात, कारण तपासणी मेंदूची असते.

आणि खुद्द सिॲटल हे गाव लेखकांवर कुरघोडी करणारं आहे. तिथं कुत्र्यामांजरांप्रमाणेच छोट्या जातीच्या शेळीलाही महापालिकेचा परवाना लागतो. विनापरवाना शेळी म्हणून कुणाला गाठण्याचा प्रसंग नुसत्या कल्पनेतून सुचला नसता.

आपल्याकडे असली मालिका काढायची तर लेखकांची चंगळ होईल. रस्त्यावरून उचललेला कुत्रा नियमाप्रमाणे नसबंदी करून, लस टोचून, कानाला खाच पाडून साधारणपणे त्याच गल्लीत परत सोडायचा असतो. म्हणजे सिॲटलचा प्राणी भाग संपला की जातो, आणि आपला पुढच्या भागात पुन्हा हजर! शिवाय आता तो डॉगव्हॅनचा आवाज ओळखतो. पहिल्या दिवशी बिस्किटावर आला, आता ती गाडी कोपऱ्यावर वळायच्या आतच तो पार दुसऱ्या वाडीत. त्यात भर गल्लीतल्या माणसांची: अर्ध्यांना तो नेलेला हवा, अर्धे तो कुठं नेला म्हणून जाब विचारणार.

एक गोष्ट मात्र कुठलीच मालिका दाखवणार नाही, ती म्हणजे गाडी धुणं. आधी घाण खरवडून साबणानं धुवायची, मग ब्लीच आणि पाणी 1:32 या प्रमाणात, आणि तो पातळ थर 10 मिनिटं ओला ठेवायचा. कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू त्याहून कमी वेळात मरत नाही. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर त्या घाणीतच संपतो, आणि मूत्र असेल तर वर डोळ्यांतून पाणी काढणारी वाफ. श्रेडसारख्या नवख्याला हे काम आधी मिळणार आणि फ्रँक बाहेर कॉफी पीत दहा मिनिटं मोजणार.