खोक्यामागचा नंबर आणि मास्टर कलेक्शन

‘मेटल गिअर सॉलिड’ हा लपतछपत खेळायचा गेम प्लेस्टेशनवर १९९८ साली आला. त्यात एका ठिकाणी केनेथ बेकर हे पात्र सांगतं की मेरिल या साथीदार मुलीची रेडिओ फ्रिक्वेन्सी सीडीच्या खोक्यामागे आहे. आपल्याकडे संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या गेम पार्लरमध्ये कॉपी केलेली सीडी कागदी पाकिटात यायची. खोकंच नाही, तर मागची बाजू कुठून येणार? मग कोडेकचा, म्हणजे गेममधल्या रेडिओचा, आकडा एकेक घर सरकवत बसायचं. नंबर १४०.१५ आहे. सेव्ह करायला मेई लिंगचा १४०.९६ आणि मदतीला ओटाकॉनचा १४१.१२ हे दोनही लिहून ठेवा.

ही मालिका अर्धी पडद्याच्या बाहेर खेळायची. खोकं, पॅडची (कंट्रोलरची) पिन, मेमरी कार्ड, बटणावरचा अंगठ्याचा जोर, मशीनमधलं घड्याळ, सगळंच तिच्या डावात होतं. २४ ऑक्टोबर २०२३ ला आलेल्या ‘मास्टर कलेक्शन व्हॉल्यूम १’ या जुन्या गेमच्या संचाला यातल्या प्रत्येक गोष्टीला पर्याय शोधावा लागला. कुठे तो जमलाय, कुठे ओढूनताणून बसवलाय.

आधी घ्यायचं काय ते ठरवा. स्टीम या पीसीच्या ऑनलाइन दुकानात हे गेम सुटेही मिळतात आणि डाउनलोडही वेगवेगळे होतात. मोबाइलच्या रोजच्या डेटावर भागवायचं असेल तर एकेक करून उतरवा. क्रम मात्र प्रकाशनाचाच ठेवा: १९९८चा पहिला, २००१चा दुसरा, २००४चा तिसरा. तिसऱ्याची गोष्ट १९६४ मध्ये घडते, म्हणून काही जण तिथून सुरुवात करतात. तसं केलंत तर तिसऱ्यातलं सरपटणं आणि कॅमफ्लाज (परिसराच्या रंगाचे कपडे घालून लपणं) हाताला बसल्यावर पहिला गेम अगदी लाकडी वाटतो.

पहिल्या गेमची चित्रं नवी केलेली नाहीत. तो प्लेस्टेशनचाच जुना गेम आहे, चौकोनी पडद्यातला, दोन्ही बाजूंना रिकामी जागा सोडणारा. टीव्हीच्या सेटिंगमधून तो ताणून रुंद करू नका, माणसं बसकी दिसतात. दुसरा आणि तिसरा रुंद पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेमने चालतात, फक्त निन्टेन्डो स्विचवर ३० ने. पीसीवर सुरुवातीला हे दोन्ही ७२०पी या कमी रिझोल्यूशनवरच अडकले होते, म्हणून आधी अपडेट उतरवा आणि मगच चित्र धूसर आहे की नाही ते ठरवा.

आता पहिल्या गेममधला मन वाचणारा शत्रू, सायको मँटिस. तो मेमरी कार्ड वाचून तुमचे कोनामी या गेमच्या कंपनीचे इतर गेम ओळखायचा, आणि पॅडची पिन काढून दुसऱ्या पोर्टमध्ये घातल्याशिवाय त्याला गोळी लागायची नाही. आज पिन कुठून काढणार? कलेक्शनमध्ये गेम थांबवून मेनूतूनच पोर्ट बदलता येतो. गंमत निम्मी होते, पण काम होतं. मेनू सापडलाच नाही तर जुनी पळवाट आहेच: खोलीतल्या पुतळ्यांची डोकी गोळ्यांनी उडवा, मग त्याला तुमचं मन वाचता येत नाही. मेरिल त्याच्या ताब्यात जाईल तेव्हा तिच्यावर गोळी झाडू नका. गळा आवळून किंवा स्टन ग्रेनेडने बेशुद्ध करा.

आपल्या भागात सगळ्यात जास्त घात होतो तो पहिल्याच गेममध्ये, ऑसेलॉट हा खलनायक तुमचा छळ करतो त्या प्रसंगात. गोलाचं बटण भराभर दाबत राहायचं, आणि मेलात तर कंटिन्यू नाही, थेट शेवटच्या सेव्हवर. त्यातच उन्हाळ्यात लाइट गेली की डेस्कटॉपवाल्याचं सगळं पाण्यात. त्यामुळे छळाच्या आधी येणाऱ्या स्नायपर वुल्फ या शत्रूशी दुसऱ्यांदा नव्हे, पहिल्यांदा भिडण्याआधीच सेव्ह करा, आणि दोन फेऱ्यांच्या मधे कोठडीत टाकलं की तिथेही करा. यूपीएस असेल तर त्यावर मॉनिटरही लावा, नाहीतर सीपीयू चालू आणि पडदा काळा. लोड केल्यावर गेम त्या खोलीच्या दारापासून सुरू होतो, जिथे सेव्ह केलं तिथून नाही. कीबोर्डवर हा प्रसंग नकोच. वायरचा पॅड घ्या, ब्लूटूथचा सेल ऐनवेळी उतरतो.

दुसऱ्या गेमची अडचण अंगठ्यात आहे. प्लेस्टेशन २ च्या पॅडला बटणावरचा दाब कळायचा. बंदूक रोखल्यावर बटण हळूच सोडलं की ती न झाडता खाली यायची. आजच्या पॅडना तो दाब कळत नाही, म्हणून ते काम डावी स्टिक आत दाबण्यावर ढकललंय. हे माहीत नसलं की पहारेकऱ्याला मागून रोखता, डॉगटॅग (गळ्यातला ओळखपट्टा) मागायला पुढे येता, बटण सोडता आणि गोळी सुटते. पहिल्या जहाजावर दहा मिनिटं फक्त एवढंच करा: रोखा, स्टिक दाबा, सोडा. एम९ पिस्तुलाची झोपेची गोळी डोक्यात बसली तर माणूस लगेच आडवा होतो. पायात लागली तर बराच वेळ उभा राहतो आणि तेवढ्यात बोंब मारतो.

तिसऱ्यातला म्हातारा स्नायपर, ‘द एंड’, हा खरा नमुना. लढाईच्या मधे सेव्ह करून आठवडाभर गेम उघडलाच नाही, तर तो म्हातारपणानेच मरतो. मशीनची तारीख पुढे ढकलली तरी तेच. आणखी एक वाट आहे. बऱ्याच आधी, धक्क्यावर तो चाकाच्या खुर्चीत दिसतो, तेव्हाच एसव्हीडी या स्नायपर रायफलने उडवायचा. पण दोन्ही वाटांनी मोसिन नागांत रायफल हुकते. ती फक्त त्याचा स्टॅमिना (दम) संपवून हरवल्यावर मिळते, म्हणजे झोपेच्या गोळ्या आणि चिकाटी. झाडीत त्याच्या पाऊलखुणा थर्मल गॉगलमधून दिसतात. बॅटरी जपून वापरा.

पीसीवर तारीख पुढे करायची तर आधी आपोआप वेळ जुळवणं बंद करा, नाहीतर ती लगेच परत येते. त्या काळात ब्राउझरमध्ये काही साइटवर सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार येऊ शकते, घाबरू नका. म्हातारा गेला की तारीख पूर्ववत करा, आणि मग सेव्ह करा.